फॉरमॅट मारला म्हणजे सगळं गेलं?

जुना लॅपटॉप विकताना घेणाऱ्याला हमखास सांगितलं जातं, ‘फॉरमॅट मारून दिलाय, आत काही नाही.’ अनेकदा आत बरंच काही असतं. आधारचं स्कॅन, पॅन कार्ड, बँकेची स्टेटमेंटं, घरातल्या लग्नाचे फोटो. फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर आणि एक मोकळी दुपार एवढ्या भांडवलावर ते परत काढता येतं.

याचं कारण साधं आहे. सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही; दुसरा कुणी येऊन नांगर फिरवेपर्यंत ते उभंच असतं. डिस्कवरही मजकूर एकीकडे आणि त्याचं दफ्तर दुसरीकडे असतं. डिलीट म्हणजे फक्त दफ्तरातली नोंद बदलणं. चार जीबीचा सिनेमा पेन ड्राइव्हवर चढवायला काही मिनिटं लागतात आणि पुसायला क्षणही लागत नाही, तो यामुळेच.

ही नोंद नेमकी कशी बदलते ते बघण्यासारखं आहे. फॅट-३२ या फायली मांडण्याच्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटची नोंद असते. तिच्यात नाव, आकार, तारीख आणि पहिला तुकडा कुठे आहे ते लिहिलेलं असतं. फाइल डिलीट केली की नावातल्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा आकडा बसतो. नोंदीतलं बाकी जवळपास सगळं तसंच राहतं. विंडोजच्या आधीच्या जुन्या डॉस प्रणालीतली ‘अनडिलीट’ ही आज्ञा म्हणूनच नावाचं पहिलं अक्षर विचारायची. तेवढंच तिला ठाऊक नसायचं!

मात्र याच वेळी दुसऱ्या तक्त्यातली साखळी, म्हणजे कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा येतो ती यादी, शून्य केली जाते. त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरला तुकडे सलग आहेत असं गृहीत धरावं लागतं. ते सलग नसतील तर परत आलेल्या फोटोचा वरचा भाग व्यवस्थित दिसतो आणि खाली करडा पट्टा किंवा भलत्याच फोटोचे अवशेष.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तर पुसलेली फाइल शोधणं आणखी सोपं. तिथे प्रत्येक फाइलची साधारण एक केबीची नोंद असते. डिलीट केल्यावर ‘वापरात आहे’ ही खूण निघते, पण तुकड्यांचे पत्ते नोंदीत तसेच राहतात. शिवाय सुमारे ७०० बाइटपेक्षा लहान फाइल त्या नोंदीतच मावते, तिला वेगळी जागा दिलीच जात नाही. पासवर्ड लिहून ठेवलेली नोटपॅडची चार ओळींची फाइल बहुधा याच प्रकारची असते.

आणि दफ्तरच उडालं तर? तरी फोटो सापडतात. फोटोची प्रत्येक जेपीईजी फाइल २५५, २१६, २५५ या तीन बाइटनी सुरू होते आणि साधारणतः २५५, २१७ वर संपते. ‘फोटोरेक’सारखा प्रोग्रॅम नोंदी बघतच नाही, डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातो आणि या खुणा दिसल्या की फाइल कापून बाजूला काढतो. ‘क्विक फॉरमॅट’ फक्त नवं कोरं दफ्तर मांडतो, म्हणून फोटोरेकपुढे क्विक फॉरमॅट निरुपयोगी.

याचाच उलटा फायदा असा, की कार्डावरचे फोटो चुकून उडाले तर त्याच क्षणी ते कार्ड कॅमेऱ्यातून काढावं. एकही नवा फोटो काढू नये. रिकव्हरी सॉफ्टवेअर आणि परत मिळालेल्या फायली, दोन्ही दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायच्या. ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर चढवणं म्हणजे आपल्याच हाताने नांगर फिरवणं.

आता विकण्याबद्दल. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर एकदा सगळीकडे शून्य लिहिलं की काम झालं. फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढली की विंडोज व्हिस्टापासून पुढे हेच होतं. विंडोजमधल्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञा देऊन चालणाऱ्या साधनात ‘क्लीन ऑल’ही हेच करतं, नुसतं ‘क्लीन’ फक्त विभागांची नोंद उडवतं. डिस्क निवडताना क्रमांक दोनदा तपासा, चुकीची निवडलीत तर तीही तितकीच स्वच्छ होईल. एक टीबीला दोन-तीन तास धरा. ३५ वेळा पुसणारी ‘लष्करी दर्जाची’ सॉफ्टवेअरं विकत घेऊ नका. तो आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातला, तेव्हाच्या वेगवेगळ्या तंत्रांच्या डिस्क धरून काढलेला. आजच्या डिस्कला तो लागू नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. वडाला सात फेरे, डिस्कला पस्तीस, इतकंच. फ्रिजवरचं चुंबक फिरवणं हा त्याहून पोकळ उपाय.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर ठेवणाऱ्या ड्राइव्हचं, गणित मात्र वेगळं. फ्लॅश चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी शेकडो पानांचा पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून आतला कंट्रोलर नवा मजकूर दुसरीकडेच लिहितो आणि पत्ता बदलतो. तुम्ही शून्य लिहिलेत तरी जुनी प्रत राखीव ब्लॉकमध्ये पडून असू शकते. ‘ट्रिम’ची, म्हणजे कुठली पानं आता नकोत ते ड्राइव्हला कळवण्याची, सोय सुरू असेल तर डिलीट केलेली पानं ड्राइव्ह सवडीने पुसतो, पण कधी ते त्याच्या मर्जीवर. सहसा पेन ड्राइव्हला ट्रिम पोचतच नाही.

इथे मुख्य उपाय म्हणजे मजकूर कुलूपबंद करून किल्ली नष्ट करणं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधली ड्राइव्ह कुलूपबंद करण्याची (एन्क्रिप्शनची) सोय, सुरू करताना ‘फक्त वापरलेली जागा’ न निवडता ‘संपूर्ण ड्राइव्ह’ निवडा, नाहीतर पूर्वी डिलीट केलेलं उघडंच राहतं. ४८ आकडी रिकव्हरी की काम संपेपर्यंत कागदावर ठेवा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि तिथे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ सुरू करा. शेवटी बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून, टीपीएम ही सुरक्षा चिप क्लिअर करा. किल्ली उघडणारं गुपित तिथेच असतं. विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर नसतो. काही यंत्रांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, तेही नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा.

फोनमध्ये हे काम आधीच झालेलं असतं. अँड्रॉइड १० किंवा नंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनांना एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, त्यामुळे फॅक्टरी रिसेटने किल्लीच जाते. आधी गूगल खातं काढा, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा, नाहीतर घेणाऱ्याच्या हातात कुलूपबंद फोन पडतो. मेमरी कार्डावर सहसा हे एन्क्रिप्शन नसतं, आणि नेमकं तेच फोनमध्ये विसरलं जातं.