गमभन आणि शब्दकोश: ट्यूटोरियल म्हणजे रेफरन्स नव्हे

वेबसाइट बनवायला शिकवणारी वेबसाइट काढायचं खूळ सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे, चांगलंय, मराठीत तर हवीच आहे. पण दर वेळी कोणीतरी हौसेनं लिंक पाठवतं आणि उघडून बघतो तर तेच, डावीकडे टॅगची (म्हणजे वेबपान ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिच्यातल्या खुणांची) मारुतीच्या शेपटीएवढी यादी, प्रत्येक टॅगला एक पान, पानावर व्याख्या, अ‍ॅट्रिब्युट्सचा (टॅगला जोडायच्या जादा सूचनांचा) तक्ता, खाली चार ओळींचं उदाहरण, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात "नवशिक्यांसाठी". अरे बाबांनो, हा रेफरन्स आहे, शब्दकोशासारखा, हवं तेवढं शोधून बघायचा! मराठीत आणला, रंग जरा गोड केले, म्हणून त्याचं ट्यूटोरियल होत नाही.

रेफरन्स काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, एमडीएन ही मोझिलाची वेबच्या माहितीची साइट २००५ पासून आहे आणि कोड लिहिणारा माणूस दिवसातून पाच वेळा तिथे चक्कर मारतोच. काय हवंय ते माहीत असतं, जातो, बघतो, परत येतो. संपलं.

ट्यूटोरियल लांब आणि रेफरन्स आखूड, एकात गप्पा आणि एकात तक्ते, हे फरक किरकोळ आहेत, त्यावर वेळ घालवू नका. व्हिडिओ केला की ट्यूटोरियल झालं असंही काही नाही, टॅगची यादी कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवणारे कमी नाहीत.

खरी गोची क्रमाची आहे. शाळेत आपण लिहायला कसे शिकलो आठवा. वर्णमाला क ख ग घ अशी, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, आवाज तोंडात कुठून निघतो त्या हिशोबानं लावलेली, शास्त्र म्हणून एकदम चोख. तरी बाईंनी पाटीवर काय गिरवायला दिलं? ग म भ न. कारण ही अक्षरं हाताला सोपी, म बसला की भ फार लांब नाही, आणि चारच अक्षरं आली तरी पोरगं घरी जाऊन "मन", "गगन" लिहून दाखवतं. वर्णमालेचा क्रम विषयाचा आहे, गमभनचा क्रम शिकणाऱ्याच्या हाताचा आहे. रेफरन्स आणि ट्यूटोरियलमध्ये नेमका हाच फरक आहे, आणि नेमका हाच कोणी पाळत नाही.

आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगमध्ये एक वहिनी आहेत, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्यांना साधं एक पान हवं होतं, फोटो, भाव, फोन नंबर, बस. एका ओळखीच्याची अशीच साइट मी त्यांना उघडून दिली आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसलो (हे सगळ्यात अवघड काम, करून बघा). यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, म्हणजे पहिला टॅग ए (लिंकचा), मग एबीबीआर, मग अ‍ॅड्रेस, मग एरिया. वहिनींनी ए वाचला, एबीबीआर वाचला, अ‍ॅड्रेसमध्ये बिल्डिंगचा पत्ता टाकला, आणि एरियावर आल्या तेव्हा खुलून म्हणाल्या, "हां, म्हणजे डिलिव्हरी कुठल्या कुठल्या एरियात ते इथे लिहायचं ना भाऊजी?" आता एरिया हा टॅग चित्राच्या एका तुकड्यावर क्लिक करता यावं म्हणून असतो, तो मॅप टॅगच्या पोटात राहतो, आणि चित्र दाखवणारा आयएमजी अजून यादीत कितीतरी खाली. वहिनींचं काही चुकलं नाही, त्यांनी लावलेला अर्थ त्या टॅगच्या खऱ्या अर्थापेक्षा शहाणा होता.

दुसरं म्हणजे वगळणं. रेफरन्समधून एक अ‍ॅट्रिब्युट राहिलं तर ती चूक. ट्यूटोरियलमध्ये मात्र काय सांगायचं नाही हे ठरवणं हेच निम्मं काम आहे, आणि जाणकार माणसाला तिथेच हात आवरत नाही. एचटीएमएलमध्ये आज शंभरावर टॅग आहेत. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीनं १९९१ मध्ये पहिली यादी मांडली तेव्हा अठरा होते. वहिनींचं पान नऊवर उभं राहिलं: एचटीएमएल, हेड, मेटा, टायटल, बॉडी, एच वन, पी, आयएमजी, ए. बाकीचे आहेत हेसुद्धा मी सांगितलं नाही.

त्या नवातला मेटा बघा. मराठीत शिकवणाऱ्याची परीक्षा तिथे होते. रेफरन्समध्ये कॅरसेट, म्हणजे पानातली अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली आहेत ते ब्राउझरला सांगणारं, हे मेटाचं एक अ‍ॅट्रिब्युट, तक्त्यातली एक ओळ. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ते मागे ढकललं तरी चालून जातं, कारण इंग्रजी अक्षरं त्याच्याशिवायही बहुतेक नीटच दिसतात. पण आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट्सचं, ती ओळ नसेल तर ब्राउझर कधी कधी प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो आणि "मोदक"च्या जागी डोक्यावर रेघा असलेल्या रोमन अक्षरांची भेळ दिसते. म्हणून मराठी ट्यूटोरियलमध्ये ही ओळ पहिल्या पाच मिनिटांत, का ते न सांगता, "आत्ता टाका, नंतर बोलू" एवढं म्हणून. इंग्रजी धड्यांचा क्रम जसाच्या तसा उचलणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

तसंच नोटपॅडचं. फाइल इंडेक्स डॉट एचटीएमएल नावानं सेव्ह केली की विंडोज गुपचूप पुढे डॉट टीएक्सटी चिकटवू शकतं, वर ते शेपूट लपवूनही ठेवतं, आणि माणूस अर्धा तास स्वतःला मूर्ख समजत बसतो. हे कुठल्याच टॅगच्या पानावर मिळणार नाही, कारण हा टॅगचा प्रश्नच नाही. ट्यूटोरियलनं मात्र तिथे थांबून विचारलंच पाहिजे, "शीर्षक दिसलं का? नसेल तर हे बघा." दिसलं नाही तर चूक लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची नाही.

आणि कृपा करून "तुम्ही हा एडिटर (कोड लिहायचा प्रोग्राम) वापरा किंवा तो किंवा तिसरा" असलं काही लिहू नका, नवख्याला निवड देणं हे औदार्य नाही, तुम्ही ठरवा आणि एकच सांगा. "सोप्पं आहे", "फक्त एवढंच करा" हेही हद्दपार करा, न जमलेल्या माणसाला ते फार लागतं. पहिल्याच धड्यात वेबचा इतिहास तर नकोच नको.

 

ट्यूटोरियल आणि रेफरन्स दोन्ही एकाच साइटवर ठेवायला माझी ना नाही. एमडीएनवरही शिकायचा विभाग वेगळा आणि रेफरन्स वेगळा आहेच. फक्त दारं वेगळी ठेवा, आणि धड्यातून रेफरन्सकडे जाणारी लिंक धड्याच्या शेवटी द्या, मध्येच दिलीत तर माणूस गेला तो गेला, परत येत नाही.

वहिनींचं पान झाल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनीच विचारलं, नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागला पाहिजे, होतं का तसं? तेव्हा मी त्यांना ए टॅगचं रेफरन्सचं पान उघडून दिलं. टेल वाली लिंक त्यांनीच शोधली, बाकीच्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.