डिस्क ब्रेक घासणे (माउंटन बाईक)

सायकलच्या चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, म्हणजे रोटर, ब्रेक दाबलेला नसतानाही कॅलिपरमधल्या (पॅड चकतीवर दाबणाऱ्या चिमट्यातल्या) पॅडला लागत राहते, तेव्हा डिस्क ब्रेक घासतो असे म्हणतात. दुकानात ‘डिस्क घासतेय’ आणि ‘डिस्क आउट आहे’ (म्हणजे वाकली आहे) ही वाक्ये एकाच अर्थाने वापरली जातात, पण ती एक नव्हेत. सरळसोट चकतीही घासू शकते आणि किंचित आउट असलेली चकती न घासता वर्षभर चालू शकते.

या दुखण्याचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. नवा रोटर साधारण १.८ मिमी जाड असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पॅडपर्यंत जेमतेम व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असते. चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबणाऱ्या जुन्या रिम ब्रेकमध्ये रबर रिमपासून दोन-तीन मिमी दूर असे. त्यामुळे चाक थोडे डुलले तरी खपून जाई. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही ऐकू येते.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ही फट राखण्याचे काम एक रबरी सील करते. लिव्हर दाबला की तेल दोन्ही पिस्टनना पुढे रेटते आणि पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे सील त्यांच्यासोबत थोडे वाकते. लिव्हर सोडल्यावर ते सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून जरासा पुढे सरकून तिथेच ठाण मांडतो, म्हणून या ब्रेकला वरचेवर आवळावे लागत नाही. केबलवर चालणाऱ्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो आणि तो रोटरला वाकवून समोरच्या स्थिर पॅडवर दाबतो. तिथे स्थिर पॅड स्क्रूने किंवा नॉबने रोटरच्या जवळ आणून ठेवावा लागतो. हायड्रॉलिक ब्रेक जुळवण्याची कृती जशीच्या तशी केबल डिस्कवर करून पाहणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हाती काही लागत नाही.

पाना उचलण्याआधी कान द्यावा. चाक उचलून हाताने फिरवले असता ‘श्श्श’ असा अखंड आवाज आला, तर कॅलिपर एका बाजूला सरकलेला आहे किंवा एक पिस्टन बाहेर अडकलेला आहे. ‘खर्र... खर्र...’ असा फेरीमागे एकदाच आवाज आला, तर रोटर वाकलेला आहे. चालवताना हाच फरक ओळखणे अवघड जाते. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर, ताशी १५ किमी वेगाला ते सेकंदाला जवळजवळ दोन फेऱ्या घेते, आणि मातीच्या वाटेवर तेवढ्या अंतराने कशाचाही आवाज येत असतो. फक्त उभे राहून पेडल मारताना घासत असेल, तर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) छर्रे-कोन सैल आहेत का, अ‍ॅक्सल (चाकाचा आस) घट्ट आहे का ते पाहावे. दोन्ही ठीक असतील तर ती फ्रेमची आणि चाकाची लवचीकता असते, आणि ती सोसण्यापलीकडे फारसे करण्यासारखे नसते.

पंक्चर काढून चाक परत लावल्यावर सुरू झालेली घासण बहुतेक वेळा चाक तिरके बसल्याचीच असते. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवणारा दांडा, असलेल्या सायकलीत हे विशेष घडते. सायकल जमिनीवर सरळ उभी करावी, क्विक रिलीज सैल करून चाक खाचेत पुरते बसू द्यावे आणि पुन्हा आवळावे. या एका मिनिटाच्या कामाआधीच कॅलिपरला हात घातला, तर तिरक्या चाकाशी कॅलिपर जुळवला जातो आणि पुढच्या पंक्चरला सगळे पुन्हा मूळपदावर येते.

कॅलिपर जुळवण्याची सर्वपरिचित रीत अशी: त्याचे दोन माउंटिंग बोल्ट तो हलेल इतके सैल करायचे, लिव्हर घट्ट दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट आवळायचे. हे अर्ध्या वेळा जमते. न जमण्याचे कारण बोल्टच्या डोक्याखाली असते: शेवटच्या पाव फेऱ्यात बोल्ट कॅलिपरलाही आपल्यासोबत किंचित फिरवतो. म्हणून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. तरी जमले नाही तर लिव्हरचा नाद सोडून डोळ्यांवर भरवसा ठेवावा. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून फटीतून पाहिले की रोटरच्या दोन्ही कडांना उजेडाची एकेक बारीक रेघ दिसते. त्या सारख्या होईपर्यंत कॅलिपर बोटाने सरकवायचा. शिमानो कंपनीच्या कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर आवळतात.

दोन्ही रेघा सारख्या दिसूनही ब्रेक दाबताना रोटर एका बाजूला झुकत असेल, तर एक पिस्टन आळसावला आहे. सह्याद्रीत पावसाळाभर चिखलात चालवलेल्या सायकलींत हे नेहमीचे. चाक आणि पॅड काढून, चांगला पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) अडवून ठेवावा, ब्रेक अलगद दाबून अडकलेला पिस्टन दोन-तीन मिमीच बाहेर आणावा, कडा पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे आणि तो आत ढकलावा. तेल मात्र ब्रेकच्याच जातीचे हवे. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो या कंपन्यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. मोटारींतही वापरतात त्या डॉट (DOT) तेलाच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल गेले तर सील फुगून खराब होतात.

नवे पॅड टाकताच चाक जाम झाले, तर आधी पिस्टन पूर्ण आत ढकललेले आहेत का ते पाहावे. तरीही ते आत जात नसतील, तर कुणीतरी अर्धे झिजलेले पॅड असताना लिव्हरजवळच्या टाकीत तेल भरलेले असते. जाड पॅडांसाठी पिस्टन मागे सरकायला मग जागाच उरत नाही; जादा तेल काढावे लागते. चाक काढलेले असताना चुकून लिव्हर दाबला गेल्यानेही पॅड एकमेकांना चिकटतात, तेव्हा तेवढेच पिस्टन मागे रेटले की पुरते.

वाकलेला रोटर सरळ करण्याचे काम हळुवार हाताचे. घासणारी जागा मार्करने खुणावून, रोटर थंड असताना, खाच असलेल्या हत्याराने किंवा स्वच्छ पुसलेल्या छोट्या पान्याने तिथे थोडासा विरुद्ध दिशेने दाब द्यायचा आणि पुन्हा फिरवून पाहायचे. एका झटक्यात सरळ करायला गेल्यास एकाचे दोन बाक होतात. रोटरला तेलकट बोटे लागू देऊ नयेत, आणि फिरत्या रोटरजवळ तर बोटे नेऊच नयेत. त्याच्या भोकांत बोट सापडून तुटल्याची उदाहरणे आहेत.

सिंहगडासारखा लांब उतार ब्रेक सतत धरून उतरल्यावर खाली येताना घासण सुरू झाली, तर आधी थांबावे. तापलेला रोटर तात्पुरता वाकतो, तेलही प्रसरण पावून पॅड पुढे ढकलते. गार झाल्यावर बऱ्याचदा दोन्ही जागेवर येतात. गार होऊनही आवाज राहिला तर रोटरची जाडी मोजावी. शिमानोच्या रोटरसाठी १.५ मिमी ही किमान मर्यादा आहे, आणि ती सहसा त्यावरच कोरलेली असते.