उजेड पोहोचेल तिथवर

मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिना उलटला तरी भरत नाही, तेव्हा डॉक्टर जखमेतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, लॅबला पाठवतात. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात येतो. डावीकडे अँटिबायोटिकची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. ठाण्यात काय किंवा वाशीत काय, वरपासून खालपर्यंत ‘आर’ची रांग आणि मध्येच एखादं महागडं इंजेक्शन तेवढं ‘एस’, असे रिपोर्ट आता नवलाचे राहिलेले नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एकाच वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा प्रतिरोधी जंतूंमुळे दगावली. अशा जंतूंवर रंग आणि प्रकाश यांचा एकत्र मारा करण्याचा एक उपचार आहे, त्याची ही गोष्ट.

जंतू हे साधतात कसं? काही जण औषधाचा रेणू तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात. काही जण औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतात. आणि ठाण्यात वंदना डेपोजवळच्या तळमजल्यांवर पावसाळ्यात पाणी शिरलं की लोक जसे बादल्या घेऊन उपसायला लागतात, तसे काही जंतू आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. तिन्ही युक्त्या चालतात, कारण बहुतेक अँटिबायोटिकचा नेम एखाद्याच ठिकाणी असतो.

रंग आणि प्रकाश यांची जोडी नेम धरतच नाही. जखमेवर मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचं द्रावण लावायचं, ते जंतूंना चिकटेपर्यंत काही मिनिटं थांबायचं आणि मग त्यावर लाल प्रकाश सोडायचा. लालच का, तर हा रंग निळा दिसतो तोच मुळी लाल प्रकाश गिळतो म्हणून. गिळलेली ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि साधा ऑक्सिजन कमालीचा आक्रमक होतो. पाण्यात या ऑक्सिजनचं आयुष्य जेमतेम तीन-चार मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात तो फार लांब जाऊ शकत नाही, पण हाताशी जे सापडेल ते जाळतो: जंतूच्या आवरणातली चरबी, प्रथिनं, डीएनए. एक जागा बदलून यातून सुटका नाही. प्रयोगशाळेत तेच जंतू पुन्हा पुन्हा या माऱ्याखाली ठेवले, तरी बहुतेक प्रयोगांत पक्का प्रतिरोध उभा राहिलेला दिसला नाही.

कल्पना मात्र अँटिबायोटिकपेक्षा जुनी आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन या रंगाने पॅरामिशियम हे एकपेशी जीव किती वेळात मरतात ते मोजत होता. आकडे जुळेनात. वादळी, अंधारलेल्या दिवशी ते जास्त वेळ तग धरतात असं लक्षात आलं, आणि मारतोय तो नुसता रंग नव्हे, रंग आणि उजेड मिळून, हे १९०० साली त्याने प्रसिद्ध केलं.

कोलशेत रोडवर आज जिथे टॉवर उभे आहेत, तिथे रंग-रसायनांचे कारखाने होते. जुन्या ठाणेकरांना कलर-केम आणि सॅंडोझ ही नावं आठवत असतील. रंगाच्या कारखान्याचा आणि औषधाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा. मिथिलीन ब्लू १८७६ साली कापड रंगवण्याच्या धंद्यातून आला आणि १८९१ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने तो मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिला. जंतुसंसर्गावरच्या सल्फा औषधांतलं पहिलं, प्रोंटोसिल, तेही लाल रंगच. शाळेत गालाच्या पेशी रंगवायला काचपट्टीवर टाकतात तो निळा थेंब याच मिथिलीन ब्लूचा.

हळदीतलं कर्क्युमिनही निळ्या प्रकाशात असंच काम करतं. पण म्हणून जखमेवर हळद थापून गच्चीत उन्हात बसू नये. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि उपचारात रंगाचं प्रमाण, प्रकाशाची तरंगलांबी, वेळ हे सगळं मोजून ठरवलेलं असतं.

रुग्णांवर काय दिसलं? ब्राझीलमध्ये मधुमेही पायाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या सोळाही जणांवर पाय किंवा बोट कापण्याची वेळ आली. रंग-प्रकाशाचा उपचार मिळालेल्या अठरा जणांत मात्र एकावरच. आकडे वाचून हरखून जायला होतं, पण चौतीस माणसांवरून मी तरी एवढ्यात काही ठरवणार नाही. मला जास्त भरवशाचं वाटतं ते व्हँकुव्हरचं उदाहरण: तिथल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश देतात. एमआरएसए (नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) यासारखे जंतू नाकातच दबा धरून असतात. ते आधीच मारले की टाक्यांच्या जागी होणारा संसर्ग कमी होतो. दातांचे डॉक्टर हिरड्यांच्या संसर्गात आणि रूट कॅनालमध्ये हेच तंत्र जोडीला वापरतात.

जमेची बाजू एवढी, आता अडचणी. लाल प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो, निळा त्याहून कमी. तेव्हा रक्तात पसरलेला संसर्ग किंवा न्यूमोनिया सध्या याच्या आवाक्याबाहेर. स्युडोमोनास, क्लेबसिएला यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून जादा आवरण असतं; त्यातून आत जायला धन प्रभाराचा रंग लागतो. आणि गंमत म्हणजे मिथिलीन ब्लूलाही काही जंतू त्याच पंपाने उपसून टाकतात, म्हणजे प्रतिरोधाला इथे वावच नाही असं म्हणणं जरा घाईचं. पोटॅशियम आयोडाइड मिसळलं की मारा बराच वाढतो असं प्रयोगांत दिसलं आहे.

सगळा खेळ ऑक्सिजनवर चालतो, हे पायाच्या जखमेत विसरून चालत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील तर तिथे ऑक्सिजनही तुटपुंजाच पोहोचतो. म्हणून आधी पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी तपासणी, साखर आटोक्यात, जखमेतला मेलेला भाग काढून टाकणं, आणि त्यानंतर निळं द्रावण आणि लाल दिवा.