राशिचक्र कारंजी

राशिचक्र कारंजी : ज्या कारंज्याच्या रचनेत मेषेपासून मीनेपर्यंतच्या बारा राशी किंवा चिनी परंपरेतील बारा वर्षप्राणी कोरलेले, ओतलेले वा जडवलेले असतात, अशी कारंजी. यांतली बहुतेक शहराच्या चौकात किंवा उद्यानात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी उभारलेली आहेत. आज ती शोभेची वाटली, तरी त्यांचे मूळ कालगणनेत आहे. सूर्याचे वर्षभराचे भ्रमण आणि शहराला मिळणारे पाणी या दोन गोष्टींवर सगळ्यांचे जगणे चालते, आणि त्या दोन्ही इथे एकत्र येतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीतील पेरूजा शहराचे फोंताना माज्जोरे हे होय. निकोला पिसानो आणि त्यांचा मुलगा जोव्हान्नी यांनी १२७५ ते १२७८ या काळात त्याचे शिल्पकाम केले. खालच्या पंचवीस बाजूंच्या कुंडाभोवती पन्नास शिल्पपट आहेत. त्यांपैकी प्रत्येक महिन्याला दोन, आणि सोबत त्या महिन्याची रास. फेब्रुवारीत मासेमारी चालली आहे, जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरात द्राक्षे तुडवली जात आहेत, डिसेंबरात डुक्कर कापले जात आहे. राजे नाहीत असे नाही, पण या महिन्यांच्या रांगेत मान कष्टकऱ्यांना आहे. हे पाणी शहराबाहेरच्या पाच्चानो डोंगरावरून जलवाहिनीने आणलेले होते आणि हे कारंजे तिचे शेवटचे टोक होते. अंबाझरी तलावातून एकेकाळी नागपूरला पाणी येत असे. ते पाणी शहरात जिथे प्रथम पोहोचले तिथेच आपले बारा महिने आणि शेतीची कामे कोरली असती तर काय दिसले असते, अशी कल्पना केली की पेरूजाकरांचा अभिमान समजतो.

चीनमधील उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या शाही उद्यानात, हाययानतांग वाड्यासमोर, छियानलोंग सम्राटाच्या आज्ञेवरून १७५९ च्या सुमारास पाण्याचे घड्याळ उभे राहिले. आराखडा ज्युसेप्पे कास्तिल्योने या जेझुइट (एका कॅथलिक ख्रिस्ती धर्मसंघातील) चित्रकाराचा, तर पाण्याची यंत्रणा मिशेल बनुआ या फ्रेंच जेझुइटाची. कुंडाच्या दोन्ही बाजूंना उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर अशा बारा आकृती होत्या. धड माणसाचे, दगडी. डोके प्राण्याचे, काशाचे. दिवसाचे बारा भाग, म्हणजे प्रत्येकी दोन तास किंवा आपल्या हिशेबाने पाच घटका. ज्याची वेळ त्या प्राण्याच्या तोंडातून पाणी उडे, आणि भर मध्यान्ही बाराही जण एकदम पाणी सोडत. आपल्याकडे लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडून मुहूर्त धरत. तिथे भांडे बुडण्याने वेळ कळे, इथे पाणी उसळण्याने. मात्र हे प्राणी आपल्या राशी नव्हेत. त्यांचा सूर्याच्या मार्गातील तारकापुंजांशी संबंध नाही. ते वर्षांचे आणि दिवसाच्या बारा भागांचे चक्र मोजतात.

हे कारंजे प्रजेसाठी नव्हते. लोकांच्या मनात ते आले ते त्याच्या लुटीनंतर. दुसऱ्या अफूच्या युद्धात, १८६० मध्ये, इंग्रज व फ्रेंच सैन्याने उद्यान लुटले आणि इंग्रजांनी ते जाळले. पुढे ही डोकी देशोदेशी विखुरली. २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात उंदीर व ससा यांना प्रत्येकी दीड कोटी युरोंच्या आसपास बोली लागली, तेव्हा बोली लावणाऱ्या चिनी संग्राहकाने पैसे देण्यास नकार दिला. ती दोन्ही डोकी २०१३ मध्ये चीनला परत मिळाली. घोडा २०२० मध्ये थेट जुन्या उद्यानात परतला. साप, बोकड, कोंबडा आणि कुत्रा यांचा मागमूस अजून लागलेला नाही. आय वेवे या चिनी कलावंताने या डोक्यांवर बेतलेली मोठी शिल्पे केली. २०११ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर कारंज्याभोवती मांडली गेली, तेव्हा ते स्वतः चीनमध्ये अटकेत होते. वेळ सांगणारे यंत्र एका राष्ट्राच्या अपमानाची खूण बनले, हे या विषयातले सर्वांत मोठे सांस्कृतिक स्थित्यंतर मानावे लागेल.

इतरत्र राशी अलंकार म्हणून येतात. पॅरिसच्या वेधशाळा-कारंज्यावर (१८७४) कार्पो या शिल्पकाराने घडवलेल्या चार स्त्रिया जो खगोल पेलतात त्याला राशींचा पट्टा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील पॉल मॅनशिप यांचा सोनेरी प्रोमिथियस (१९३४) राशींच्या कड्यातून झेपावतो. इटलीतील तेर्नी या पोलादाच्या शहरात १९३० च्या दशकात बांधलेल्या कारंज्यात कोर्राडो काल्यी यांनी राशी मोझेइकमध्ये जडवल्या. काल्यी ज्यू होते; वंशभेदी कायद्यांनंतर त्यांना देश सोडावा लागला आणि महायुद्धात कारंज्याचीही हानी झाली. ते नंतर पुन्हा उभारण्यात आले.

भारतात राशींची जागा कारंज्यावर नाही. शृंगेरीच्या विद्याशंकर मंदिरात त्या खांबांवर आहेत, जयपूरच्या जंतरमंतरमध्ये राशिवलय यंत्रांच्या रूपात. पाणी मात्र आपल्याकडेही प्राण्याच्या मुखातूनच येते: कुंडावरचे गोमुख, देवळाच्या प्रणालावरचा मकर. नागपुरात कारंजे म्हटले की फुटाळा तलाव आठवतो, आणि राशी पाहायच्या तर गांधीसागराशेजारच्या रमण विज्ञान केंद्राचे तारांगण, जिथे घुमटावर वृश्चिकाची नांगी आणि सिंहाची आयाळ तारा-ताऱ्याने जोडून दाखवतात.

युरोपातील कारंज्यांवरच्या राशी मराठी वाचकाने आपल्या पंचांगाशी थेट जुळवू नयेत. तिथली गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली; आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांना धरून केलेली. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. म्हणून सूर्य तिथे डिसेंबरच्या २१–२२ तारखेला मकरेत जातो, तर आपण तिळगूळ वाटतो तो १४–१५ जानेवारीला. शिवाय युरोपीय माणूस सूर्याची रास स्वतःची मानतो. नागपूरच्या महाल किंवा इतवारीत कुणाला रास विचारली, तर उत्तर जन्मवेळच्या चंद्राचे मिळते. त्यामुळे तेर्नीच्या कुंडाकाठी आपली रास शोधणारा इटालियन एका चित्रापाशी थांबेल, आणि त्याच दिवशी जन्मलेला नागपूरकर बहुधा दुसऱ्याच चित्रापाशी.