पोस्टाने आलेलं पार्सल फुटलं, तर भरपाई कशी मागायची?

पार्सल फुटून आलं की गावात पहिला राग निघतो तो डाकसेवकावर. तालुक्याहून आलेली थैली उघडून तो घरोघर वाटप करतो, पण भरपाईचा निर्णय त्याच्या हातात नसतो. त्याच्याशी भांडून निघून गेलं, की कागदावर काहीच उरत नाही आणि हक्काचे पैसे तिथेच बुडतात.

भरपाई किती मिळणार, हे बऱ्याच अंशी पार्सल खिडकीवर देतानाच ठरतं. तिकीट लावून पेटीत टाकलेल्या साध्या टपालाला पावती नसते, त्यामुळे त्याची भरपाई विसराच. स्पीड पोस्टचा नियम वर्षानुवर्षे असा आहे: वस्तू हरवली, आतलं सामान गेलं किंवा खराब झालं, तर भरलेल्या पोस्टखर्चाच्या दुप्पट रक्कम किंवा १००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. समजा, अचलपूरहून पुण्याला लेकीकडे ३००० रुपयांचा मिक्सर पाठवला आणि खर्च २०० रुपये आला. मिक्सर फुटला तर हाती ४०० रुपये येतील. उरलेलं नुकसान आपलंच.

हा टपाल खात्याचा आडमुठेपणा नाही, कायदाच तसा आहे. १८९८ चा जुना डाकघर कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली आहे, तेवढीच टपाल खात्यावर येते. म्हणून किमती वस्तू पाठवताना विमा उतरवायलाच हवा. विमा असेल तर विम्याच्या रकमेच्या मर्यादेत झालेलं खरं नुकसान मागता येतं. गावातल्या शाखा डाकघरात मोठ्या रकमेचा विमा होत नाही, त्यासाठी तालुक्याच्या उपडाकघरात जावं लागतं. एसटीचं भाडं पडलं तरी ही फेरी वाया जात नाही. विमा मात्र खऱ्या किमतीचाच काढा. जास्त किंमत लिहिली म्हणून जास्त भरपाई मिळत नाही.

दावा करण्याचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा. ज्याच्या हाती फुटलेलं पार्सल पडलं, त्याला अर्ज करायचा असेल तर पाठवणाऱ्याचं सहीनिशी संमतिपत्र जोडावं. ऑनलाइन खरेदीचं पार्सल पोस्टाने आलं असेल, तर पाठवणारी ती कंपनी असते. अशा वेळी पोस्टाच्या मागे न लागता थेट विक्रेत्याकडे बदली वस्तू किंवा पैसे मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सही. खोकं दबलेलं, ओलं, चिकटपट्टी उचकटलेली किंवा वजनाला हलकं वाटलं, तर सही करू नका आणि ओटीपीही सांगू नका. ‘ओपन डिलिव्हरी पाहिजे’ असं सांगा. मग पोस्टमास्तरांसमोर पार्सल उघडलं जातं, वजन पावतीवरच्या वजनाशी ताडलं जातं आणि आत काय निघालं, काय फुटलं याची यादी होते. त्या यादीची प्रत मागून घ्या. ‘माल बरोबर मिळाला’ अशी सही एकदा झाली, की नुकसान वाटेतच झालं हे सिद्ध करणं फार अवघड होतं. शेतात असताना घरच्या म्हाताऱ्या माणसांना सही करायला लावली जाते, म्हणून त्यांनाही हे आधीच समजावून ठेवा.

अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. जिथून पार्सल पाठवलं किंवा जिथे आलं, त्या डाकघराच्या पोस्टमास्तरांच्या नावे लिहा आणि एक प्रत आपल्या विभागाच्या डाक अधीक्षकांना पाठवा. त्यात पाठवल्याची तारीख, पावतीवरचा तेरा अक्षरी क्रमांक (दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन), आतल्या वस्तू, नेमकं काय फुटलं आणि किती रुपये मागता, एवढं आलं पाहिजे. सोबत बुकिंगची पावती, वस्तूचं बिल, फोटो, ओपन डिलिव्हरीच्या यादीची प्रत, ओळखपत्र आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. पोस्टाच्या पावतीवरची छपाई काही महिन्यांत उडते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा. फुटलेली वस्तू आणि खोकं फेकू नका, कारण पॅकिंग कच्चं होतं असं म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. घरच्या कुरडया-पापडांचं बिल नसतं, त्यामुळे तिथे किंमत सिद्ध करणं कठीण जातं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तक्रार १८०० २६६ ६८६८ या मोफत क्रमांकावर किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही नोंदवता येते. तिचा क्रमांक जपून ठेवा. अधीक्षकांकडून उत्तर आलं नाही, तर आपल्या भागाच्या पोस्टमास्तर जनरल यांच्याकडे (विदर्भासाठी नागपूरला) लिहा किंवा केंद्र सरकारच्या पीजी पोर्टल या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा. एवढ्यानेही अर्ज हलला नाही, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात ‘माझा अर्ज कोणत्या टेबलावर आहे, त्यावर काय कार्यवाही झाली’ असं विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्कही नाही.

खासगी कुरिअर किंवा ऑनलाइन विक्रेत्याचा रस्ता वेगळा आहे. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार सोडवली पाहिजे, असा २०२० चा नियम आहे. नाही सोडवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत मात्र दाखल करावी लागते.