रोख जामीन आणि कच्ची कैद (अमेरिका)

खटल्याचा निकाल लागेपर्यंत आरोपीला मोकळे ठेवण्यासाठी अमेरिकी न्यायालय हमी म्हणून जी रक्कम मागते, ती रोख जामीन. ती भरता आली नाही, तर निकालापर्यंत आरोपी जेलमध्येच राहतो. ही कच्ची कैद. अमेरिकेतील तुरुंगांविषयी बोलताना शिक्षा भोगणाऱ्यांचाच विचार बहुधा होतो. ते राज्यांच्या किंवा संघराज्याच्या तुरुंगांत असतात. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, जेलचे चित्र निराळे आहे. २०२२ च्या मध्यास देशभरच्या स्थानिक जेलांत ६,६३,१०० माणसे होती आणि त्यांतील सुमारे ७० टक्के लोकांवरचा चालू आरोप सिद्ध झालेला नव्हता. हे सगळेच पैशांअभावी आत होते असे नाही; काहींना जामीनच नाकारलेला असतो, काहींवर दुसऱ्या काउंटीचे वॉरंट असते. तरीही रक्कम न जमल्यामुळे अडकलेल्यांचा गट मोठा आहे. कच्च्या कैदेचा परिणाम थेट निकालावर होतो, हे २०१६ नंतरच्या संशोधनाने भक्कमपणे दाखवून दिले.

अटकेनंतर पोलीस ठाण्यात नोंद, ठसे आणि छायाचित्र होते. अनेक काउंट्यांत गुन्ह्यागणिक रकमेचा तक्ता ठरलेला असतो. तेवढे पैसे जवळ असलेला माणूस न्यायाधीशाचे तोंडही न पाहता घरी जातो. बाकीच्यांची पहिली सुनावणी साधारणपणे एक-दोन दिवसांत होते. ती काही मिनिटांत उरकते, पुष्कळ ठिकाणी व्हिडिओवर होते आणि अनेकदा आरोपीजवळ वकील नसतो. न्यायाधीश त्याला जातमुचलक्यावर सोडू शकतो, हजेरी किंवा इलेक्ट्रॉनिक पट्ट्यासारख्या अटी घालू शकतो, रक्कम ठरवू शकतो किंवा सुटका नाकारू शकतो. पूर्ण रक्कम स्वतः भरून सर्व तारखांना हजर राहिले, तर ती शुल्क वजा होऊन परत मिळते. पण एवढी रोकड थोड्यांकडेच असते. मग जामीन-दलाल गाठावा लागतो. तो न्यायालयाला पूर्ण रकमेची हमी देतो आणि त्याबद्दल साधारण १० टक्के घेतो, म्हणजे १०,००० डॉलरच्या जामिनासाठी १,००० डॉलर, आणि हे पैसे आरोपी निर्दोष सुटला किंवा दुसऱ्याच दिवशी आरोप मागे घेतले गेले तरी परत येत नाहीत. जामिनाचा असा खासगी धंदा अमेरिकेबाहेर फिलिपिन्स सोडल्यास जवळजवळ कोठेच नाही. केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांनी तो आपल्याकडे बंद केला आहे.

कायद्याची चौकट दोन निकालांवर उभी आहे. आरोपीने खटल्याला हजर राहावे यासाठी जेवढी लागेल त्याहून जास्त रक्कम म्हणजे अवाजवी जामीन आणि तो राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये स्टॅक विरुद्ध बॉइल खटल्यात ठरवले. मात्र आरोपीच्या ऐपतीबाहेरची प्रत्येक रक्कम अवाजवी ठरत नाही, आणि गरीब माणूस नेमका याच फटीत अडकतो. १९८७ मध्ये सालेर्नो खटल्यात न्यायालयाने समाजाला धोका या कारणावरून सुटका नाकारणे वैध मानले. स्वातंत्र्य हा नियम आणि खटल्यापूर्वीची कैद हा काटेकोर मर्यादा असलेला अपवाद, हेही त्याच निकालात लिहिले आहे. व्यवहारात न्यायाधीशांनी बराच काळ उघड नकाराची सुनावणी टाळून आवाक्याबाहेरची रक्कम लावण्याचा सोपा मार्ग धरला. त्यात कारणे लिहावी लागत नाहीत आणि पुरावाही तपासावा लागत नाही.

या विषयावरचा पहिला मोठा प्रयोग ऑक्टोबर १९६१ मध्ये न्यू यॉर्कला सुरू झाला. व्हेरा फाउंडेशनच्या मॅनहॅटन जामीन प्रकल्पात कायद्याचे विद्यार्थी अटक झालेल्यांना भेटून ते कोठे व किती दिवस राहतात, नोकरी आहे का, कुटुंबाशी संबंध कसे आहेत, पूर्वीची शिक्षा आहे का, हे विचारत. उत्तरांना गुण दिले जात, माहितीची फोनवरून खातरजमा होई आणि पुरेसे गुण मिळाल्यास रकमेविना सुटकेची शिफारस न्यायालयात जाई. पहिल्या तीन वर्षांत असे ३,५०५ लोक सुटले आणि त्यांतील ९८.४ टक्के तारखेला हजर झाले. या अनुभवावर १९६६ चा संघीय जामीन सुधारणा कायदा उभा राहिला. भारतातही त्याचा ठसा उमटला. बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयीच्या हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) न्या. पी. एन. भगवती यांनी मॅनहॅटन प्रकल्पाचा दाखला देऊन, आरोपीची समाजात मुळे घट्ट असतील तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे मार्गदर्शन केले.

कैद झालेले आणि सुटलेले यांची सरळ तुलना येथे फसते. जेलमध्ये राहिलेल्यांना शिक्षा जास्त होते हे खरे. पण त्यांच्यावरचे आरोपही अधिक गंभीर असतात आणि जुन्या शिक्षाही जास्त असतात. त्यामुळे फरक कैदेने पडला की माणसांच्या वेगळेपणाने, हे कळत नाही. संशोधकांनी यावर काढलेली युक्ती न्यायाधीशांच्या पाळ्यांवर आधारलेली आहे. फिलाडेल्फियात चोवीस तास पाळीपाळीने दंडाधिकारी बसतात आणि आरोपी कोणासमोर जाईल हे केवळ त्याच्या अटकेच्या वेळेवर ठरते. काही दंडाधिकारी कडक, काही सौम्य. प्रत्येकाचा कडकपणा त्याने हाताळलेल्या इतर प्रकरणांवरून मोजायचा; ज्या प्रकरणाचा अभ्यास चालू आहे ते त्या हिशेबातून वगळायचे. मग सारख्याच आरोपींना केवळ पाळीमुळे वेगळी वागणूक मिळाल्यावर पुढे काय झाले ते पाहायचे. डॉबी, गोल्डिन आणि यांग यांनी फिलाडेल्फिया आणि फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीच्या नोंदींवर हे केले (२०१८). सुटका झाल्याने दोषी ठरण्याची शक्यता सुमारे १४ टक्केबिंदूंनी घटते आणि ही घट बहुतांशी गुन्हा कबूल करण्याचे प्रमाण कमी झाल्याने येते, असे त्यांना आढळले. पुढच्या वर्षांत नोकरी मिळण्याचे प्रमाणही वाढले. स्टीव्हन्सन यांचा फिलाडेल्फियावरचा स्वतंत्र अभ्यास त्याच दिशेने जातो.

कबुली का वाढते, हे किरकोळ गुन्ह्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. सरकारी वकील देऊ करतो ती शिक्षा अनेकदा तोपर्यंत काढलेल्या दिवसांइतकीच असते. कबूल केले की आजच घर. लढायचे तर आणखी काही आठवडे आत, आणि तोवर नोकरी गेलेली, भाडे थकलेले. निर्दोष माणसालाही कबुली शहाणपणाची वाटावी अशीच ही मांडणी आहे. टेक्ससमधील हॅरिस काउंटीच्या (ह्यूस्टन) २००८ ते २०१३ च्या किरकोळ गुन्ह्यांवर हीटन, मेसन आणि स्टीव्हन्सन यांनी केलेल्या अभ्यासात (२०१७) तशाच परिस्थितीतील सुटलेल्यांच्या तुलनेत कैदेत राहिलेल्यांनी कबुली देण्याची शक्यता २५ टक्के आणि त्यांना जेलची शिक्षा होण्याची शक्यता ४३ टक्के जास्त निघाली. शिक्षेची सरासरी मुदत दुपटीहून अधिक होती. सुनावणीनंतरच्या १८ महिन्यांत त्यांच्यावर गंभीर गुन्ह्याचे नवे आरोपही सुमारे ३० टक्के जास्त लागले. जेलने समाज सुरक्षित होतो या गृहीतकाला हा आकडा छेद देतो. त्याच काउंटीची किरकोळ गुन्ह्यांतील जामीन पद्धत घटनाबाह्य असल्याचे नोंदवून संघीय न्यायाधीश ली रोझेंथल यांनी २०१७ मध्ये तिला मनाई केली आणि २०१९ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला.

पाळ्यांच्या पद्धतीला मर्यादा आहेत. तिचे उत्तर फक्त सीमेवरच्या आरोपींना लागू होते, म्हणजे ज्यांना एक न्यायाधीश सोडेल आणि दुसरा सोडणार नाही अशांना. खुनाचा आरोप असलेल्याविषयी ती काही सांगत नाही. कडक न्यायाधीश सर्वच प्रकारच्या आरोपींशी कडक असतो, हेही गृहीत धरावे लागते. मोजमापातही घोळ होतो. ‘गैरहजर’ या एकाच शिक्क्याखाली पळून गेलेला, बस चुकलेला आणि दुसऱ्या जेलमध्ये बंद असलेला असे सगळे येतात. ‘पुन्हा अटक’ या आकड्यात माणसाचे वर्तन आणि त्या वस्तीतला पोलिसांचा पहारा दोन्ही मिसळलेले असतात.

रकमेऐवजी काय, याची उत्तरे अनेक आहेत. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये १९९२ च्या कायद्यापासून केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला अडकवता येत नाही. न्यू जर्सीतील २०१३ च्या पाहणीत जेलमधील १२ टक्के लोक २,५०० डॉलर किंवा त्याहूनही कमी रकमेसाठी अडकलेले सापडले. १ जानेवारी २०१७ पासून तेथे रोख जामीन जवळजवळ संपला. कैदेतील आरोपीवर ९० दिवसांत दोषारोप आणि त्यानंतर १८० दिवसांत खटला, अशी मुदतही घातली गेली. २०१५ अखेर ते २०१८ अखेर कच्च्या कैद्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली, तर तारखेला हजेरीचे प्रमाण २०१४ मधील ९२.७ वरून २०१७ मध्ये ८९.४ टक्क्यांवर आले. हे थोडे घसरले हे मान्य करूनच हिशेब मांडला पाहिजे. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्णपणे रद्द केला. ठरावीक गुन्ह्यांत सरकारी वकिलाने अर्ज करून, सुनावणीत कारणे सिद्ध केल्यावरच आता कैद होते.

न्यू जर्सीसह अनेक ठिकाणी न्यायाधीशापुढे जोखमीचे गुण, म्हणजे आरोपी गैरहजर राहण्याची किंवा पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता दाखवणारे आकडे, ठेवले जातात. त्यासाठीच्या एका प्रचलित साधनात वय, प्रलंबित आरोप, जुन्या शिक्षा, पूर्वीची गैरहजेरी असे ९ घटक असतात. वंश आणि उत्पन्न त्यात नसते. तरी जुन्या अटका आणि शिक्षा यांच्यात वंशभेद मुरलेला असल्याने तो गुणांत उतरतो, हा आक्षेप रास्त आहे. केंटकीने २०११ मध्ये असे गुण पाहणे सक्तीचे केले. त्याचा सुटकेवरचा परिणाम लहान निघाला आणि काही वर्षांत तोही ओसरला, कारण न्यायाधीश शिफारस बाजूला ठेवून जुन्या सवयीवर परतले.

सर्वांत स्वस्त उपाय समन्सचा कागद सुधारण्याचा निघाला. न्यू यॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर तारीख आणि ठिकाण ठळकपणे वर आणून न आल्यास काय होईल ते स्पष्ट लिहिले, तेव्हा गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, तेव्हा ती २१ टक्क्यांनी घटली (२०२०). बरेच लोक पळून जात नाहीत, तारीख विसरतात. त्यांच्यासाठी हजारो डॉलरची हमी मागणे चुकीच्या रोगावरचे औषध आहे.

राजकारण मात्र आकड्यांच्या गतीने चालत नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये केलेला रोख जामीनबंदीचा कायदा मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये फेटाळला. बहुतेक किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांत रोख जामीन बंद करणारा न्यू यॉर्कचा २०२० मध्ये लागू झालेला कायदा २०२०, २०२२ आणि २०२३ मध्ये दुरुस्त झाला. त्यावरच्या अभ्यासात एकूण आरोपींमध्ये पुन्हा अटकेचे प्रमाण कमी झाले, पण नुकताच मोठा गुन्हेगारी इतिहास असलेल्या गटात ते वाढले.