जंगली ब्लूबेरी: बी पेरण्याआधी माती आंबट करा

बागेत जंगली ब्लूबेरी हवी असेल तर बहुतेक जण तयार रोप आणतात. बियांपासून वाढवायची तर पहिली फळे चाखायला तीन-चार वर्षे जातात, आणि झुडूप आईसारखेच निघेल याची खात्री नसते. तरीही या झुडपाच्या बाबतीत बी पेरणेच मला जास्त पटते. त्याचे कारण जमिनीखाली आहे.

ही ब्लूबेरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडची बुटकी जात, व्हॅक्सिनियम अँगुस्टिफोलियम. झुडूप फार तर गुडघ्याएवढे होते, पण जमिनीखालून आडवी खोडे सोडत लांबवर पसरते. अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात तिची मोठमोठी शेते आहेत आणि त्यांतली बहुतेक झुडपे कोणी लावलेली नाहीत. जंगल तुटले किंवा जळले, की झाडांच्या तळाशी दबून असलेली ही झुडपे उन्हात फोफावली. पानगळीच्या सुमारास अशा शेतात एक तुकडा गर्द लाल दिसतो, लगतचा नारिंगी, त्यापलीकडचा अजून हिरवा. यातला एकेक तुकडा म्हणजे एकाच बीपासून उगवून वर्षानुवर्षे पसरत गेलेले एकच झाड. छाट कलमांना अशी भूमिगत खोडे उशिरा आणि कमी फुटतात. बियांपासूनचे रोप ती जोमाने सोडते. जमीन झाकून टाकणारा ताटवा हवा असेल, तर बीच बरे.

पण बी हातात घेण्याआधी माती बघा. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा बागायतदारांना मोठा धक्का बसला असणार. भरपूर शेणखत घातलेली, चुना टाकून सुधारलेली माती, म्हणजे इतर पिकांना मानवणारी प्रत्येक गोष्ट, ब्लूबेरीला मारक ठरत होती. तिला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साधारण ४ ते ५. सामू एका अंकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते, म्हणजे ७ सामूची माती ५ सामूच्या मातीपेक्षा शंभरपट कमी आंबट. अशा कमी आंबट मातीत लोह असते, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चिन्ह दिसले की खत वाढवू नका, सामू मोजा.

ब्लूबेरीच्या मुळांना मूळकेश, म्हणजे पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारे बारीक केसही नसतात. जंगलात ती उणीव मुळांच्या पेशींत राहणारी बुरशी भरून काढते. कुजणाऱ्या पाल्यातले नत्र ती झुडपाला मिळवून देते. नत्र द्यायचेच तर अमोनियमच्या रूपात, अगदी थोडे द्यावे, कारण नायट्रेट या झुडपाला नीट वापरता येत नाही. माती आंबट करायला गंधक चालते, पण मातीतले जिवाणू त्याचे आम्ल बनवायला कित्येक महिने घेतात. म्हणून हे काम पेरणीच्या आदल्या वर्षीच उरकलेले बरे.

आता बी. पिकलेली फळे तीन महिने फ्रीजरमध्ये ठेवली की बियांची सुप्तावस्था मोडायला मदत होते. नंतर ती भरपूर पाण्यासोबत मिक्सरमधून काही सेकंद फिरवा आणि पाच मिनिटे निवळू द्या. गर आणि पोचट बी वर तरंगते, भरलेले बी तळाशी बसते. वरचे पाणी ओतून टाका आणि तळाशी फक्त बारीक तपकिरी दाणे राहीपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. गर पूर्ण गेलाच पाहिजे, त्यामुळे उगवणीला अडथळा होतो.

पाटीत ओल्या, बारीक केलेल्या स्फॅग्नम मॉसवर (दलदलीत वाढणाऱ्या शेवाळावर) हे बी नुसते भुरभुरवा, खोल पुरू नका. उजेड मिळाला तर उगवण चांगली होते. महिन्याभरात पहिले अंकुर दिसतात, पण सगळे एकदम येत नाहीत, मागाहूनही येत राहतात. पाटी लवकर रिकामी करण्याची घाई अनेकांना नडते. टाचणीच्या डोक्याएवढी दोन पाने घेऊन उभे असलेले रोप एका दुपारच्या कोरडेपणानेही मरते. पाणी शक्यतो पावसाचे द्या, कारण जड पाण्यातला चुना हळूहळू सामू वाढवत नेतो.

पहिला हिवाळा रोपांना थंडीत काढू द्या. उबेत ठेवलेली झुडपे वसंतात नीट फुटत नाहीत, हेही कोव्हिल यांनीच दाखवले. फुलावर यायच्या वेळी निदान चार-पाच वेगळी रोपे जवळजवळ असावीत. स्वतःच्याच परागावर या जातीला फळ फारसे धरत नाही. बियांपासूनची रोपे एकमेकांपासून वेगळीच असतात, त्यामुळे ही अट आपोआप पूर्ण होते. पराग मात्र परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो आणि तो झटकन काढण्याचे कसब बंबलबीकडे, म्हणजे मोठ्या केसाळ माशीकडे आहे. ती फुलाला लटकते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या अंगावर सांडतो.

फळे कमी होऊ लागली की काही फांद्या जमिनीलगत छाटा. त्या वर्षी तिथे नुसती नवी फूट येईल, फळ त्याच्या पुढच्या वर्षी.